कापलेली रायफल की खरी कार्बाइन?

प्रश्न: १८७३ च्या अमेरिकी स्प्रिंगफील्ड घोडदळी कार्बाइनचा (घोडेस्वाराच्या आखूड बंदुकीचा) सौदा आला आहे. रायफल कापून तर केलेली नसेल ना?

उत्तर: शंका रास्त आहे, असे नग बरेच फिरतात. आधी ब्रीच (नळीच्या मागच्या टोकाचे झाकण) उघडून चेंबर, म्हणजे काडतुसाची जागा, रिकामा आहे ना, ते बघा. मग नळी मोजा: कार्बाइनची २२ इंच, रायफलची ३२ ५/८ इंच. पण लांबीवर विसंबू नका. करवत कुणीही चालवतो.

खोटेपणा लाकडात सापडतो. रायफलच्या दस्त्यात नळीखाली नळी साफ करायच्या गजासाठी खाच असते, कार्बाइनच्या दस्त्यात नसते. कापणारा त्या खाचेत पट्टी चिकटवतो. दस्त्याचे पुढचे टोक उजेडात तिरपे धरा. पट्टीचे रेषे वेगळे दिसतात, कडेला सरसाची बारीक रेघ उमटते. दस्ता गडद रंगवलेला असला तरी टोकाचे लाकूड सहसा खरे बोलते.

शिवाय नळी दस्त्याला बांधणारे एकच कडे हवे, डाव्या अंगाला खोगीर-कडीची (स्वाराच्या पट्ट्यात अडकवायच्या कडीची) दांडी हवी, नेम धरायची मागची माशी कार्बाइनचीच हवी. माशी मात्र सहज बदलता येते, म्हणून एवढ्यावर पैसे देऊ नका.

आणि कृपया चकाकी आणायला घासू नका. जुनी काळसर झळाळी एकदा गेली की परत येत नाही. पातळ तेलाचा हात पुरे.