मकरपुऱ्यातल्या ३५ माणसांच्या कारखान्यात आयएसओ ९००१ : विकत आणलेल्या २२ प्रोसिजरांचं काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात राहिला. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) व्हॉल्व्हचे स्पिंडल आणि सीट रिंग मशीनिंग करणारं ३५ माणसांचं युनिट, मोठ्या ग्राहकाने सहा महिन्यांत आयएसओ ९००१ चं, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, सर्टिफिकेट मागितलेलं, आणि शेठनी कुठूनतरी २२ प्रोसिजरांची (कामाच्या लेखी पद्धतींची) तयार फाइल आणून तुमच्या हातात दिली, 'नाव बदलून दे' म्हणून. तुम्ही विचारलंय की या बावीस खरंच लागतात का, क्वालिटी मॅन्युअल हवंच का, आणि शॉपवरची, म्हणजे मशीनवर काम करणारी, माणसं रजिस्टर भरतच नाहीत त्याचं काय करायचं.

मी पंचवीसेक वर्षं बडोद्यातल्याच कारखान्यांत हे काम केलंय, आधी इन्स्पेक्शनला, मग क्यूएला (गुणवत्ता विभागात). त्यावरून सांगतो. ती फाइल शेठना सन्मानाने परत करा किंवा कपाटात ठेवा, पण तिच्यावर तुमच्या कंपनीचं नाव घालू नका.

आधी नियमाचं बोलू. आयएसओ ९००१ पहिल्यांदा १९८७ मध्ये आलं. २००८ च्या आवृत्तीपर्यंत सहा प्रोसिजर लेखी असणं सक्तीचं होतं : डॉक्युमेंटचं नियंत्रण, रेकॉर्डचं नियंत्रण, अंतर्गत ऑडिट, सदोष मालाचं नियंत्रण, सुधारात्मक कारवाई आणि प्रतिबंधात्मक कारवाई. क्वालिटी मॅन्युअलही सक्तीचं होतं. २०१५ च्या आवृत्तीने ही सक्ती काढली. मॅन्युअल गेलं, मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह (एमआर) हे पद नेमण्याची अट गेली, प्रतिबंधात्मक कारवाईची जागा जोखमीच्या विचाराने घेतली. म्हणजे तुमची ती २२ ची फाइल बहुतेक २००८ च्या काळातली आहे, वर नवीन कव्हर चढवलेलं. आत 'एमआरची कर्तव्ये' असं प्रकरण सापडलं तर खात्रीच समजा.

कागदांच्या बाबतीत आता स्टँडर्ड दोनच गोष्टी मागतं. काही माहिती लिहून जपायची आणि वेळोवेळी बदलत राहायची : स्कोप, क्वालिटी पॉलिसी, उद्दिष्टं, आणि काम नीट चालायला तुम्हाला स्वतःला जे लेखी लागेल ते. आणि काही माहिती पुरावा म्हणून राखायची, ती मागाहून बदलायची नाही : तपासणीचे आकडे, कॅलिब्रेशन, माणसांची पात्रता, सप्लायरचं मूल्यमापन, माल कोणी पास केला, रिजेक्शनचं काय केलं, ऑडिट, मॅनेजमेंट रिव्ह्यू. पहिल्याला आपण डॉक्युमेंट म्हणत आलो, दुसऱ्याला रेकॉर्ड. मूळ स्टँडर्ड भारतीय मानक ब्यूरोकडून आयएस/आयएसओ ९००१ म्हणून मिळतं. ते घ्या, चौथ्या कलमापासून दहाव्यापर्यंत स्वतः वाचा. पानं थोडी आहेत. कन्सल्टंट घ्यायचा की नाही ते त्यानंतर ठरवा. वाचलेल्या माणसाला कन्सल्टंट उपयोगी पडतो, न वाचलेल्याला तो फाइल विकतो.

एक सोपी गोष्ट लगेच होईल. तुम्ही ग्राहकाच्या ड्रॉईंगवर काम करता, स्वतः डिझाइन करत नाही. मग ८.३ हे डिझाइनचं कलम तुम्हाला लागू नाही. स्कोपमध्ये कारणासकट तसं लिहा. तयार फाइलमध्ये डिझाइनची प्रोसिजर असणारच, आणि ती तशीच ठेवली तर ऑडिटर तिचे रेकॉर्ड मागेल. कुठून आणणार?

खरा प्रश्न तुमचा तिसरा आहे, रजिस्टर न भरण्याचा. त्यासाठी माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. सर्व्हेलन्स ऑडिट (सर्टिफिकेट मिळाल्यावर दरवर्षी होणारी तपासणी) आठ दिवसांवर आलं होतं आणि रोजच्या इन-प्रोसेस तपासणीचं रजिस्टर तीन महिने कोरं होतं. मी आणि आणखी दोघांनी बसून ते भरलं. रोजची तारीख, रोज पाच आकडे, खाली सही. ऑडिटर शांत माणूस होते. त्यांनी पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. १४ जानेवारी. उत्तरायण. बडोद्यात त्या दिवशी गच्चीवर नसलेला माणूस शोधून सापडत नाही, कारखाना तर कुलूपबंद होता. आणि आमच्या रजिस्टरप्रमाणे त्या दिवशी २५.०२, २५.०१, २५.०२ असे बोअर (भोकाचे आतले व्यास) मोजले गेले होते. त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, 'आता यातलं बाकीचं कोणतं पान मी खरं मानू?' मेजर एनसी, म्हणजे गंभीर त्रुटीचा शेरा, आली. पण मला लागलं ते हे, की त्या तीन महिन्यांत सेटर काकांनी (मशीन जुळवून देणाऱ्यांनी) रोज माप घेतलं होतं, नीट घेतलं होतं. ते मशीनच्या पत्र्यावर खडूने लिहायचे आणि शिफ्ट संपली की पुसायचे. खरा रेकॉर्ड रोज जन्मत होता आणि रोज पुसला जात होता. आम्ही त्याच्या जागी खोटा तयार केला.

म्हणून माझा पहिला आग्रह : रेकॉर्ड काम होतं तिथे आणि काम होतं तेव्हाच लिहिला गेला पाहिजे. माणसं भरत नसतील तर आधी फॉर्मकडे बघा. रजिस्टर सुपरवायझरच्या केबिनमध्ये असेल, रकाने इंग्रजीत असतील, एका तुकड्यासाठी १४ खाने असतील, तर तेलाच्या हाताचा माणूस तो भरणार नाही आणि त्याची काही चूक नाही. आम्ही पुढे काय केलं, तर जॉब कार्डाच्या मागच्याच बाजूला पाच खाने छापले. कार्ड मशीनवर असतंच. क्लिपबोर्डला पेन्सिल दोऱ्याने बांधली. माप लिहायचं, वेळ लिहायची, आद्याक्षर टाकायचं. काम संपलं की कार्ड मालाबरोबर पुढे जातं आणि शेवटी फाइलला लागतं. वेगळं रजिस्टर बंदच केलं. पंधरा दिवसांत कार्डं भरून येऊ लागली, कोणाला मेमो द्यावा लागला नाही.

भाषेचंही तसंच. स्टँडर्ड कुठेही म्हणत नाही की डॉक्युमेंट इंग्रजीत हवं. तुमच्याकडे सेटर गुजराती असतील, ऑपरेटर यूपी-बिहारचे असतील, ऑफिसात आपण दोन-चार मराठी. मग मशीनवरच्या सूचना गुजराती आणि हिंदीत लिहा, शक्य तिथे फोटो लावा. याच शहरात सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातल्या शब्दांचा अनेक भाषांतला कोश करवून घेतला होता, १९३१ साली. कारकुनाला हुकूम कळला पाहिजे ही काळजी त्यांना होती. आपल्याला लेथवरच्या माणसाची का नसावी? आणि सूचना लिहाल त्या त्याच्याशेजारी उभं राहून लिहा. तो करतो तसं आधी लिहा, मग चूक वाटली तर त्याच्याशी बोलून बदला. टेबलावर बसून लिहिलेल्या सूचनेत टूल बदलल्यावर पहिला तुकडा तपासायचा असतो हे हमखास राहून जातं.

आता दोन जागा अशा, जिथे तुमच्या कामात कागद नसला तर खरंच नुकसान होतं. तिथे जास्त वेळ द्या.

पहिली, ड्रॉईंगची रेव्हिजन. एका ठिकाणी ग्राहकाने सीट रिंगचा बोअर बदलून नवीन रेव्हिजन ईमेलने पाठवली. ऑफिसात प्रिंट निघाली, शॉपवर दिलीही. पण मशीनजवळच्या टेबलावर काचेखाली जुनी प्रिंट तशीच होती, आणि माणूस सवयीने काचेखालचीच बघतो. १४० नग जुन्या मापाचे झाले. बोअर नव्या मापापेक्षा मोठा झालेला, त्यामुळे रिवर्कही नाही, थेट भंगार. त्यानंतर आम्ही घरच्या गॅस सिलिंडरसारखा नियम केला : जुनी प्रिंट हातात दिल्याशिवाय नवी मिळणार नाही. प्रत्येक प्रिंटवर लाल शिक्का आणि तारीख, शिक्का नसलेला कागद शॉपवर दिसला की फाडायचा. आणि एका पानावर यादी : ड्रॉईंग नंबर, चालू रेव्हिजन, किती प्रती, कुठल्या मशीनवर. ७.५.३ या कलमात जे मागितलंय ते एवढंच आहे. ग्राहकाची ड्रॉईंग ही ग्राहकाची मालमत्ता आहे हेही लक्षात असू द्या. व्हॉट्सॲपवर फोटो फिरवू नका.

दुसरी, हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या एका वितळणीला मिलने दिलेला नंबर. स्पिंडलसाठी तुम्ही ४१० ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे रॉड घेत असाल, कधी ४२० चेही. दोन्ही दिसायला सारखे, चुंबक दोन्हींना लागतो. रॉडच्या एका टोकाला हीट नंबर पंच केलेला असतो, मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवर तोच नंबर. करवतीवाला घाईत नेमकं तेच टोक आधी कापतो. मग उरलेला रॉड रॅकवर अनाथ होतो. महिन्याने कोणी विचारलं हा कुठल्या हीटचा, तर उत्तर नाही. यावर लांबलचक प्रोसिजर नको. करवतीसमोर एक ओळ रंगवा, गुजरातीत : आधी नंबर उतरवा, मग कापा. तुकड्यावर मार्कर, उरलेल्या रॉडवर पंच, जॉब कार्डावर हीट नंबरचा खाना. तुमच्या इनवर्डच्या चोपड्यात सर्टिफिकेटचा नंबर असेल, तर स्पिंडलपासून मिलपर्यंतची साखळी दोन मिनिटांत दाखवता येते. ऑडिटर हमखास हेच करतात. डिस्पॅचला बांधलेल्या पेटीतून एक नग उचलतात आणि म्हणतात, मागे चला.

कॅलिब्रेशनबद्दल थोडक्यात. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गो-नो-गो गेज सगळ्यांची यादी करा, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) ची मान्यता असलेल्या लॅबकडून कॅलिब्रेशन करून घ्या. पण स्टिकर बघून निर्धास्त राहू नका. खाली पडलेलं मायक्रोमीटर त्याच दिवशी बाजूला ठेवायचं आणि त्याने आधी मोजलेला माल पुन्हा बघायचा, ही सवय लावा. पडलं म्हणून सांगणाऱ्या मुलावर कोणी ओरडायचं नाही. ओरडलात की पुढचा सांगणार नाही.

जोखमीच्या यादीसाठी तयार फाइलमध्ये भूकंप, युद्ध, सायबर हल्ला असलं काय काय असतं. तुम्ही शेठना आणि सुपरवायझरना घेऊन एक तास बसा आणि विचारा, गेल्या पाच वर्षांत आपलं काम कशामुळे अडलं? एकच सीएनसी, तिचा स्पिंडल गेला तर? सेटर काका निवृत्त झाले तर? आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तुमची माणसं कामावर पोचली का, मालाचे ट्रक निघाले का, स्टोअरमध्ये खालच्या रॅकवर काय होतं? त्याच वर्षी फेब्रुवारीत आयएसओने या स्टँडर्डला एक दुरुस्ती जोडली : हवामान बदल आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे का, हे संस्थेने ठरवायचं. ते चौथ्या कलमात आहे. बडोद्यातल्या कारखान्याला त्याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. टेस्ट सर्टिफिकेटं आणि गेज वरच्या मजल्यावर हलवलीत, तर ती कारवाई म्हणून लिहा.

सुधारात्मक कारवाईत एक वाक्य मला आता वाचणं सहन होत नाही : 'ऑपरेटरला समज दिली.' थ्रेड रिजेक्ट झाला, का? इन्सर्ट (टूलची कापणारी टोकाची चकती) बदलल्यावर ऑफसेट (मशीनमधली टूलच्या मापाची दुरुस्ती) तपासला नाही. का? रिंग गेज इन्स्पेक्शनच्या कपाटात कुलपात होतं. किल्ली जनरल शिफ्टच्या माणसाकडे, आणि इन्सर्ट बदलला रात्री नऊला. मग कारवाई किल्लीवर झाली पाहिजे. समज देऊन गेज बाहेर येत नाही.

सर्टिफिकेट देणारी संस्था निवडताना शेठना ठामपणे सांगा. आयएसओ स्वतः कोणालाही सर्टिफिकेट देत नाही, ते सर्टिफिकेशन बॉडी देते. त्या बॉडीला एनएबीसीबीची (अशा बॉडींना मान्यता देणाऱ्या भारतातल्या मंडळाची) किंवा आंतरराष्ट्रीय परस्पर मान्यता करारातल्या दुसऱ्या संस्थेची मान्यता आहे का, ते बघा. 'पाच दिवसांत सर्टिफिकेट, ऑडिट लागणार नाही' असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. तुमचा ग्राहक मोठा आहे, तो तपासणार आणि परत पाठवणार. जो कन्सल्टिंग करतो त्यानेच सर्टिफिकेट द्यायचं हेही नियमात बसत नाही.

सहा महिने पुरतात, पण आजपासून. पहिले दोन महिने फक्त शॉपवर : जॉब कार्ड, ड्रॉईंग, हीट नंबर, गेज. पुढचे तीन महिने तेच चालू द्या, रेकॉर्ड जमू द्या. त्यातच अंतर्गत ऑडिट करा. स्वतःच्या कामाचं ऑडिट स्वतः करायचं नाही, म्हणून स्टोअरवाल्याला इन्स्पेक्शन द्या आणि तुम्ही स्टोअर घ्या. मग मॅनेजमेंट रिव्ह्यू, ज्यात शेठ खरोखर बसले पाहिजेत, नुसती सही नको. त्यानंतर सर्टिफिकेशन बॉडीचं स्टेज वन ऑडिट (तयारीची तपासणी), त्यातल्या उणिवा भरून स्टेज टू (प्रत्यक्ष कामाची तपासणी). सर्टिफिकेट तीन वर्षांचं, मध्ये दरवर्षी सर्व्हेलन्स.

उद्या सकाळी चहाच्या आधी एक करा. शॉपवर जा, प्रत्येक मशीनवरची, काचेखालची, ड्रॉवरमधली, पत्र्याला चिकटवलेली सगळी ड्रॉईंग गोळा करा आणि ऑफिसातल्या रेव्हिजनशी ताडून बघा. किती जुनी निघाली तो आकडा इथे लिहा. यादीचा नमुना मी पाठवतो.