शिवलेल्या गोणीत किती मावेल?

भाऊ, नंदुरबारच्या मिरचीची गोणी म्हणजे नळकांडं असं धरलंस, तिथंच गणित चुकलं. ५० सेंमी रुंद, १०० सेंमी लांब गोणीचा घेर १०० सेंमी, म्हणून नळकांड्याचे ८० लिटर येतात. पण दोन्ही टोकं शिवलेली. तिथं गोल नाही, सपाट रेघ. कापड ताणत नाही, मग कडांना चुण्या पडतात आणि गोणी आखडते.

आधी लांबीला पाय (π, म्हणजे ३.१४) गुणिले रुंदीने भाग. त्यातून ०.१४२ वजा कर, उरलेल्याला रुंदीच्या घनाने गुण. सुमारे ६२ लिटर! (लांबी-रुंदी सारखी असलेल्या चौरस पिशवीला हे चालणार नाही, तिथं वजाबाकी थोडी कमी लागते.) हा अंदाजच हं, चौरस पिशवीचं नेमकं कमाल घनफळ गणितवाल्यांनाही अजून सुटलेलं नाही. शंका आली तर शिवलेल्या गोणीत कोपऱ्यातून ज्वारी ठासून बघ.