गोरिला बघायला निघालात, पण मलेरियाचं काय?

परदेशी निघालेल्यांच्या लसी आणि औषधं बघणं हे माझं रोजचं काम. गेल्या दोन-तीन वर्षांत युगांडाला जाणारे मराठी प्रवासी डोळ्यांत भरण्याइतके वाढलेत. ब्विंडीचे गोरिला, मर्चिसन धबधबा, जिंजाचं राफ्टिंग, र्‍वेन्झोरीचा ट्रेक अशी ही सहल आहे. विमानाची तिकिटं सहा महिने आधी निघतात, डॉक्टरांची आठवण मात्र शेवटच्या आठवड्यात होते. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून काही निवडक प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देतो आहे.

प्रश्न : आम्ही आठ दिवसांनी निघतोय. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस राहून गेली. एजंट म्हणतो, ‘सुई न टोचता पिवळं कार्ड मिळवून देतो.’ चालेल का? (ठाणे)

चालणार नाही. हा गुन्हा आहे, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. एक वर्षावरच्या प्रत्येक प्रवाशाकडे युगांडा या लसीचं प्रमाणपत्र, म्हणजे हेच पिवळं कार्ड, मागतो. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं. म्हणजे तुम्ही आज लस घेतलीत तरी आठव्या दिवशी ते कार्ड कायद्याने कच्चंच. विमानतळावर अडवतील, किंवा परत येताना आपल्याच सरकारचे आरोग्य अधिकारी तुम्हाला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवतील. त्यांचा राग करू नका. पीतज्वर पसरवणारा एडिस डास आपल्या घराघरांतल्या कुंड्यांमध्ये आहे, आजार मात्र अजून आपल्या देशात नाही. तो येऊ नये म्हणून ही कडक तपासणी असते.

ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तिथे आधी वेळ घ्यावी लागते आणि लस संपलेलीही असू शकते. प्रवासाच्या सहा ते आठ आठवडे आधी या, असं मी सांगतो ते याचसाठी. तुमच्यापुरतं सांगायचं तर तारीख पुढे ढकला. आणि हो, ११ जुलै २०१६ पासून एकदा घेतलेली लस जन्मभर ग्राह्य धरतात. ‘दहा वर्षं झाली, पुन्हा घ्या’ असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. जुनं कार्ड जपून ठेवलं असेल तर ते मला आणून दाखवा.

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. त्यांनाही हीच लस द्यायची ना?

परस्पर देऊ नका. ही जिवंत, पण दुर्बळ केलेल्या विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेणार्‍यांत गंभीर त्रास होण्याची शक्यता थोडी जास्त असते. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, कर्करोगाचे उपचार, स्टेरॉइडच्या गोळ्या, थायमस ग्रंथीचा आजार यांपैकी काही असेल तर लस टाळावीच लागेल. त्यांची सगळी औषधं पिशवीत घालून त्यांना घेऊन या. लस देता येत नसेल, तर मी त्यांना युगांडाऐवजी दुसरा देश सुचवेन.

प्रश्न : पत्नीला चौथा महिना आहे. बुकिंग आधीच झालंय.

जाऊ नका. गरोदरपणातला मलेरिया आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततो. बुकिंगचे पैसे गेले तर जाऊ देत.

प्रश्न : आम्ही मुंबईकर. लहानपणापासून डास चावून घेतलेत, मलेरियाही होऊन गेलाय. आमचा मावसभाऊ कंपालात वीस वर्षं आहे, तो एकही गोळी घेत नाही. शिवाय गोरिलांचं जंगल उंचावर, थंड आहे आणि आम्ही जातोय कोरड्या दिवसांत. मग मलेरियाच्या गोळ्या कशाला? एका ओळखीच्यांनी होमिओपॅथीच्या साबुदाणा गोळ्या दिल्यात, त्या नेतोय.

या एका प्रश्नात मला रोज ऐकू येणारे पाचही गैरसमज आले आहेत, म्हणून उत्तर लांबणार आहे. कृपया शेवटपर्यंत वाचा.

मुंबईत होणारा मलेरिया बहुतांशी व्हायव्हॅक्स जातीचा. तो माणसाला थरथर कापायला लावतो, पण सहसा मारत नाही. युगांडातला मलेरिया जवळपास सगळा फॅल्सिपेरमचा. याचे जंतू असलेल्या रक्तपेशी मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांत चिकटून बसतात. सकाळी साधा ताप असलेला माणूस दुसर्‍या दिवशी बेशुद्ध होऊ शकतो. जगातल्या मलेरियाच्या रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त आफ्रिकेत सापडतात आणि त्यात नायजेरिया, काँगो आणि युगांडा ही नावं सर्वांत वर आहेत. तिथे वाढलेल्या माणसाला वारंवार लागण होऊन थोडीफार प्रतिकारशक्ती येते, तीही अर्धवट आणि तिथे राहतो तोवरच. डोंबिवलीच्या डासांनी ती मिळत नाही. तुम्हाला झालेल्या जुन्या मलेरियाचाही इथे उपयोग नाही.

मावसभावाला एकदा विचारून बघा, या वीस वर्षांत किती वेळा मलेरिया झाला. त्याला लक्षणं ओळखता येतात, कोपर्‍यावरच्या दवाखान्यात तासाभरात रक्त तपासून मिळतं आणि औषध सुरू होतं. तुम्ही मात्र आजारी पडाल ते घरी परतल्यावर. इथे तुमच्या फॅमिली डॉक्टरांच्या डोक्यात आधी डेंग्यू येईल.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका गृहस्थांना त्यांचा मुलगा माझ्याकडे घेऊन आला. पाच दिवस ताप. आधी एका ठिकाणी ‘व्हायरल’ म्हणून सलाइन लावलं होतं, मग डेंग्यूच्या संशयावरून रोज प्लेटलेट मोजणं चाललं होतं. मुलाने रिपोर्ट दाखवायला मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर पानांच्या गर्दीत बसलेल्या, पाठीवर रुपेरी केस असलेल्या गोरिलाचा फोटो होता. मी रिपोर्टऐवजी त्या फोटोकडेच बघत राहिलो. ‘हा कुठला?’ मी विचारलं. ‘बाबांनी काढलाय, युगांडात. गेल्याच महिन्यात जाऊन आले.’ तोवर हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासात रक्ताच्या काचेवर फॅल्सिपेरमच्या अंगठ्यांसारख्या आकृत्या दिसल्या. अतिदक्षता विभाग, आर्टेसुनेटची इंजेक्शनं, चार वेळा डायलिसिस. ते वाचले. आणखी एक दिवस गेला असता तर वाचले असते असं मी म्हणू शकत नाही. त्यांच्याही बॅगेत साबुदाणा गोळ्यांची बाटली होती, तीही नियमित घेऊन संपत आलेली. या गोळ्यांनी मलेरिया टळतो याला कसलाही पुरावा नाही. त्या ‘प्रतिबंधक’ म्हणून देणार्‍यांनी लोकांच्या जिवाशी खेळणं थांबवावं, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

आता उंचीचं. ब्विंडीचं जंगल साधारण ११६० ते २६०० मीटरवर आहे. तिथे डास कमी असतील, पण तिथे पोहोचायला तुम्ही एंटेबेला उतरणार, वाटेत क्वीन एलिझाबेथ उद्यानात दोन रात्री काढणार. युगांडात मलेरिया देशभर आणि बाराही महिने असतो. कोरडे दिवस निवडलेत ते पायवाट निसरडी नसावी म्हणून, आणि ते बरोबरच आहे. पण त्या दिवसांत डास कमी झाले तरी संपत नाहीत.

गोळ्या तीन प्रकारच्या आहेत. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज घ्यायची, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परत आल्यावर सात दिवसांपर्यंत. सहसा त्रास देत नाही, पण सगळ्या औषधदुकानांत मिळत नाही, मागवावी लागते. डॉक्सिसायक्लिन स्वस्त आणि सहज मिळते, मात्र परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते. उन्हाने अंग भाजल्यासारखं होतं. गोळी घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेत जळजळते, म्हणून ती भरपूर पाण्याबरोबर, जेवणानंतर घ्यावी. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना ही देत नाहीत. मेफ्लोक्वीन आठवड्यातून एकदा, पण अपस्मार किंवा मानसिक आजार असलेल्यांना अजिबात नाही. घरात पडून असलेली क्लोरोक्वीन नेऊ नका, तिथले जंतू तिला दाद देत नाहीत. यातली तुमची गोळी कोणती हे तुमचं वय, वजन आणि इतर औषधं बघूनच ठरतं. मित्राची चिठ्ठी दाखवून घेऊ नका. सर्वाधिक चूक होते ती शेवटी : घरी आलो, डास मागे राहिले, गोळ्या बंद. जंतू त्यानंतरच यकृतातून रक्तात उतरतात, हे लक्षात असू द्या.

गोळ्या नियमित घेऊनही परतल्यावर ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासा. पहिल्या तीन महिन्यांत तर विशेष, पण वर्षभर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा : ‘मी युगांडाला जाऊन आलोय.’ एक तपासणी निगेटिव्ह आली म्हणून थांबू नका, बारा ते चोवीस तासांच्या अंतराने ती पुन्हा करायची असते, एकूण तीनदा.

प्रश्न : डास पळवणारं मनगटी बँड आणि मोबाइल अ‍ॅप घेतलंय. पुरेल?

नाही. वीस ते तीस टक्के डीईईटी असलेलं मलम किंवा पिकारिडिन लावा, संध्याकाळपासून पूर्ण बाह्या घाला आणि मच्छरदाणीत झोपा. सनस्क्रीन आधी, मलम नंतर.

प्रश्न : जिंजाला नाईल नदीत राफ्टिंग करायचंय. पाण्यातून काही होतं का?

होतं. व्हिक्टोरिया सरोवर आणि त्यातून निघणारी नाईल, दोन्हींत बिलहार्झिया हा कृमींमुळे होणारा आजार आहे. काठच्या गोगलगायींमधून सूक्ष्म अळ्या पाण्यात येतात आणि धडधाकट कातडीतून शरीरात शिरतात, खरचटलेलं असायला हवं असं नाही. धावत्या पाण्यात धोका कमी, संथ काठाला जास्त. दुपारच्या जेवणाला राफ्ट थांबते तिथे सगळे पोहायला उतरतात, धोका खरा तिथेच. ‘टॉवेलने लगेच खसाखसा पुसलं की झालं’ ही ऐकीव गोष्ट आहे, तिच्यावर विसंबू नका. राफ्टिंगच करू नका असं मी म्हणणार नाही, नदी फार देखणी आहे. पण परतल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणीला या. निदान झालं तर प्राझिक्वांटेलने आजार बरा होतो. आणि विम्याची कागदपत्रं वाचा. बहुतेक साध्या पॉलिसींत राफ्टिंग बसत नाही.

प्रश्न : जंगलात काळे-निळे कपडे नकोत म्हणतात. ही अफवा का?

ही अफवा नाही. मर्चिसनच्या उद्यानातल्या रस्त्याकडेला झाडांना निळ्या-काळ्या कापडाचे चौकोन टांगलेले दिसतील. ते त्सेत्से माशीचे सापळे. या माशीला निळा आणि काळा रंग ओढतो. ती घोडमाशीसारखी कडकडून चावते, अगदी जीन्समधूनही, आणि मलम तिला फारसं रोखत नाही. निद्रारोग हा परजीवींचा जीवघेणा आजार ती पसरवते. प्रवाशांना तो क्वचितच होतो, पण लस नाही. खाकी, मातकट, फिकट हिरवे कपडे न्या. चावल्या जागी आठवड्याभरात दुखरी गाठ आली तर दाखवा.

प्रश्न : र्‍वेन्झोरीचं मार्गेरिटा शिखर करायचंय. सह्याद्रीतले सगळे अवघड किल्ले झालेत, फिटनेस उत्तम. डायामॉक्स (उंचीचा त्रास टाळण्याची गोळी) लागेल का?

सह्याद्रीचा सराव पायांना आणि मनाला उपयोगी पडेल, फुप्फुसांना नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, मार्गेरिटा ५,१०९. उंचीचा आजार फिटनेस बघून येत नाही. उलट जोमाने भरभर चढणार्‍या तरुणांनाच तो जास्त गाठतो. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका आणि मधे एक दिवस मुक्काम ठेवा. ‘कमी दिवसांत, कमी पैशांत शिखर’ अशी जाहिरात दिसली तर त्या माणसाकडे जाऊ नका. डोकेदुखी आणि उलटी असेल तर वर नाही, तोल जाऊ लागला तर ताबडतोब खाली. डायामॉक्सबद्दल समोर बसूनच बोलू, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर.

प्रश्न : इबोलाच्या बातम्या ऐकून घरचे घाबरलेत.

निघण्याच्या आठवड्यात जागतिक आरोग्य संघटनेची सूचना वाचा आणि मगच ठरवा. २०२२ मधली साथ जानेवारी २०२३ मध्ये संपली, २०२५ च्या जानेवारीतली एप्रिलमध्ये. इबोला रुग्णाच्या रक्ताच्या, शरीरातल्या स्रावांच्या थेट संपर्काने होतो, सफारीच्या गाडीत बसून होत नाही. मला जास्त काळजी वाटते ती गुहांची. क्वीन एलिझाबेथ उद्यानाजवळच्या मारामागांबो जंगलात वटवाघळांनी भरलेली एक गुहा आहे. २००८ मध्ये तिथे जाऊन आलेली एक डच पर्यटक मारबर्ग या इबोलाच्याच कुळातल्या, वटवाघळांकडून येणाऱ्या विषाणूने दगावली. गाइड कितीही आग्रह करो, वटवाघळांच्या गुहेत पाऊल टाकू नका.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. उपाशी राहायची वेळ येईल का?

नाही. वाफवलेल्या कच्च्या केळ्यांचं मटोके, शेंगदाण्याची आमटी, घेवडा आणि चपाती सगळीकडे मिळते. हो, चपातीच म्हणतात, आपल्याकडून गेलेली. अंडं चालत असेल तर रस्त्यावर तव्यावरच्या चपातीत ऑम्लेट गुंडाळून देतात त्याला रोलेक्स म्हणतात. समोर, गरम करून घेतलेलं बिनधास्त खा. कापून ठेवलेली फळं आणि बर्फ नको. टायफॉइडची लस घेऊन जा.

प्रश्न : गोरिलाचा परवाना ८०० डॉलरचा. त्याच दिवशी सर्दी झाली तर गोळी घेऊन जाता येईल ना?

नाही. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार जगभरात १,०६३ पर्वतीय गोरिला मोजले गेले, त्यांतले ४५९ ब्विंडीच्या परिसरात. ते आपल्या इतक्या जवळचे आहेत की आपली साधी सर्दी त्यांना न्यूमोनिया होऊन मारू शकते. म्हणूनच आठ जणांचा गट, एकच तास, दहा मीटर अंतर, तोंडावर मास्क आणि पंधरा वर्षांखालच्यांना बंदी. गोळीने नाक कोरडं होईल, विषाणू तुमच्या श्वासात राहतोच. सकाळी रेंजरला स्वतःहून सांगा. आजारपणात किती पैसे परत मिळतात ते परवाना काढतानाच एजंटकडून लेखी घ्या, आणि निघण्यापूर्वी फ्लूची लस टोचून घ्या.