विधान परिषदेचे ७८ आमदार कोण निवडतं, आणि पदवीधर असून तुमचं नाव यादीत का नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: महाराष्ट्राच्या विधान परिषदेत किती सदस्य असतात नि ते कुठून येतात, आणि पदवी घेऊन इतकी वर्षं झाली तरी पदवीधर मतदारसंघाच्या यादीत तुमचं नाव का नाही. आधी आकडे सांगतो, म्हणजे दुसरी गोष्ट आपोआप कळेल.

एकूण ७८. त्यातले ३० विधानसभेचे आमदार निवडून देतात. २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून येतात, म्हणजे तिथे मतदार कोण तर नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समितीचे सभापती वगैरे (ग्रामपंचायत सदस्यांना आपल्याकडे यात मत नाही). ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे, उरलेले १२ राज्यपाल नेमतात. स्पर्धा परीक्षेची पोरं इथे हमखास अडकतात, कारण कलम १७१ मध्ये आमदारांकडून एक तृतीयांश आणि स्थानिक संस्थांकडून एक तृतीयांश असं वाचलेलं असतं, आणि ७८ चा एक तृतीयांश तर २६ होतो. पण कलमातच 'शक्य तितकं जवळपास' अशी सूट आहे, आणि कुठल्या राज्यात किती जागा याचा खरा तक्ता १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या परिशिष्टात आहे, तिथे आपले ३० नि २२ असेच आहेत. कमाल मर्यादा विधानसभेच्या एक तृतीयांश, म्हणजे २८८ च्या हिशोबाने ९६ पर्यंत जाता आलं असतं, किमान ४०.

आता माझं मत. ३० नि २२ मिळून ५२ जागा सरळसरळ राजकारण्यांच्या मतांवर ठरतात, आणि राज्यपालांचे १२ सुद्धा मंत्रिमंडळाच्या शिफारशीनेच जातात, म्हणजे ७८ पैकी ६४ जागी सामान्य माणसाचा काही संबंध येत नाही. उरतात १४. विद्वानांचं वरिष्ठ सभागृह वगैरे भाषणात ठीक आहे पण पेपरवाले 'राजकीय पुनर्वसन' म्हणतात ते उगाच नाही, विधानसभेला पडलेला किंवा तिकीट कापलेला नेता इथे येऊन बसतो. अर्थात सगळेच तसे नाहीत, ना. धों. महानोरांसारखा शेतकरी कवी राज्यपाल नियुक्त म्हणून आला होता, आणि रोजगार हमी योजना ज्यांच्यामुळे आली ते वि. स. पागे तर अनेक वर्षं या सभागृहाचे सभापती होते.

आमदारांमधून होणारी निवडणूक सगळ्यात मजेशीर, कारण मतदान गुप्त असतं. राज्यसभेला आमदाराने आपलं मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावं लागतं, इथे दाखवायचं नसतं, मग मतं फुटायला वाव मिळतो. मतं पसंतीक्रमाने देतात आणि जिंकायला कोटा, म्हणजे ठरावीक किमान मतं लागतात, तो काढायचा म्हणजे एकूण मतांना जागा अधिक एक ने भागायचं आणि जरा वर जायचं. जुलै २०२४ ला ११ जागा नि २७४ मतदार होते, कोटा आला २३. उमेदवार १२, म्हणजे एक जण पडणार हे नक्की, आणि शेकापचे जयंत पाटील पडले, काँग्रेसची काही मतं फुटली म्हणून बराच गदारोळ झाला. त्याआधी २० जून २०२२ ची तर आठवत असेलच, १० जागांना ११ उमेदवार, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतला.

राज्यपालांच्या १२ चं रामायण वेगळंच. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यातले जाणकार नेमायचे असं घटना म्हणते. नोव्हेंबर २०२० मध्ये ठाकरे सरकारने १२ नावं पाठवली, राज्यपाल कोश्यारींनी त्यावर ना हो म्हटलं ना नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं, सरकार पडलं, आणि शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये दुसऱ्याच सरकारच्या यादीतल्या ७ जणांचा शपथविधी झाला. स्थानिक संस्थांच्या जागांचंही तसंच, २०२२ पासून पालिका-झेडपीच्या निवडणुका रखडल्या, मतदारच उरले नाहीत म्हणून जागा रिकाम्या पडत गेल्या.

बाकी नियम झटपट. वय किमान ३०, मुदत ६ वर्षं, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त. विधानसभा बरखास्त झाली तरी परिषद चालूच राहते. अधिकार तसे कमीच, पैशाचं विधेयक १४ दिवस धरून ठेवता येतं आणि साधं विधेयक दोन फेऱ्यांत मिळून चारेक महिने, शेवटी विधानसभेचंच चालतं. राष्ट्रपती निवडणुकीत यांना मत नाही. मंत्री, मुख्यमंत्री मात्र होता येतं, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना मे २०२० मध्ये इथूनच आमदार झाले.

आता तुमचं नाव. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाची यादी विधानसभेसारखी पुढे चालू राहत नाही, प्रत्येक निवडणुकीला नव्याने बनते, मागच्या वेळी नाव असलं तरी परत फॉर्म भरायचा. चिठ्ठी घरी येण्याची वाट बघत बसलात तर सहा वर्षं अशीच जातील. पदवीधरांचा फॉर्म नंबर १८, शिक्षकांचा १९. अट अशी की यादी बनवायला घेतात त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला पदवी घेऊन किमान ३ वर्षं झालेली हवीत आणि राहणं त्या मतदारसंघात हवं. मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती, नागपूर यातला तुमचा कुठला ते बघा, निवडणूक साधारण कधी ते काढा आणि आदल्या ऑक्टोबरपासून नोंदणीच्या नोटिशीवर लक्ष ठेवा. गंमत म्हणजे मत द्यायला पदवी लागते, उभं राहायला लागत नाही, सुप्रीम कोर्टानेही १९७२ मध्ये हेच सांगितलंय.

आणि मतदानाला गेलात तर केंद्रावर देतात तोच पेन वापरा, नावापुढे टिक करू नका, सही करू नका, फक्त १, २, ३ असे आकडे लिहा. १ लिहिलाच नाही तर मत बाद, आणि पदवीधरांच्या या निवडणुकीत बाद मतं हजारांनी निघतात.