बहिणीला आठवतं ते मला वेगळंच का आठवतंय?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही 63 वर्षांच्या, वीस वर्षांपूर्वी आई गेली त्या रात्री आपण शेवटपर्यंत तिच्या उशाशी होतो असं तुम्हाला लख्ख आठवतंय, आणि आता धाकटी बहीण म्हणते नाही गं, तू तासभर आधीच घरी गेली होतीस. तेव्हापासून रोज रात्री पडल्या पडल्या जुने प्रसंग तपासत बसता, एखादं नाव अडलं तरी पोटात गोळा येतो, आणि विचारताय की ही डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजाराची, सुरुवात आहे का.

एवढ्यावरून तसं अजिबात म्हणता येत नाही हो. कुठलीही गोष्ट आठवताना मेंदू ती तुकड्या-तुकड्यांनी नव्याने जुळवतो आणि मधल्या फटी अंदाजाने भरतो, सगळ्यांचाच. 1986 मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाला तेव्हा उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या मुलांकडून लिहून घेतलं होतं की बातमी कुठे, कशी कळली. अडीच-तीन वर्षांनी परत विचारलं तर बऱ्याच जणांनी भलतंच सांगितलं, तेही छातीठोकपणे, आणि स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला तरी मूळ आठवण काही परत आली नाही. ती विशीतली पोरं होती ताई.

वयाने काय होतं, तर कोण कधी आलं, आधी काय नंतर काय हे तपशील सैल होतात, नावं उशिरा सापडतात. पण प्रसंगाचा गाभा, शब्दसंपत्ती, जगण्यातून आलेली समज बऱ्यापैकी टिकते. त्यात भीती घुसली की दुहेरी नुकसान. त्या रात्री तुमचं सगळं लक्ष आईच्या श्वासाकडे असणार, घड्याळाकडे कोण बघतंय, मग वेळा नीट नोंदल्याच जात नाहीत. आणि आज टेन्शनमध्ये कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढलं की जुनं वर काढणं अजून अवघड होतं, वर झोप नाही. म्हणजे रोज रात्री तुम्ही स्वतःची जी परीक्षा घेताय ना, तीच तुम्हाला नापास करतेय. ती आजपासून बंद करा, प्लीज.

डॉक्टरकडे एकदा जाऊन याच, पण बहिणीशी वाद झाला म्हणून नाही. व्हिटॅमिन बी12, थायरॉइड तपासून घ्या, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, डिप्रेशननेही विसरायला होतं आणि या सगळ्यावर उपाय आहेत. एकाच दिवशी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशाच्या व्यवहारात गोंधळ, असं घरच्यांच्या लक्षात आलं तर मात्र थांबू नका.

राहिली ती रात्र. मला वाटतं तुम्हाला आजारापेक्षा जास्त हे टोचतंय की आपण आईजवळ नव्हतो की काय. कदाचित तुम्ही घरी जाऊन परत आला असाल, पण हे मी सुचवलं म्हणून तसंच झालं असं धरून चालू नका, अशा सूचनासुद्धा आठवणीत मिसळून जातात. बहिणीला फोन करा, कोण बरोबर ते बाजूला ठेवा आणि त्या तासाभरात तिच्यावर काय गुजरलं ते विचारा, कारण तुमच्या चार पानी पत्रात ते कुठेच आलेलं नाहीये.