टोपल्या मोजल्या, पण होड्या मोजल्या का?

प्रश्न: आम्हाला उपसागरातल्या लहान होड्या एकूण किती मासळी काढतात याचा अंदाज काढायचा प्रोजेक्ट मिळालाय. रोज सकाळी धक्क्यावर उभं राहून येईल त्या होडीचा माल वजन केला तर चालेल का?

उत्तर: चालेल, पण मग तुमचा आकडा मासळीपेक्षा तुमच्या अलार्मवर जास्त ठरेल. उष्ण कटिबंधातल्या उपसागरात एकच धक्का, एकच वेळ, एकच जाळं असं नसतंच हो, कोणी संध्याकाळी जाळं टाकून पहाटे उचलतो, कोणी गळ घेऊन जातो तो दुपारी परततो, कोणी धक्क्यावर फिरकतच नाही, सरळ वाळूवर होडी ओढतो आणि माल तिथल्या तिथे विकून मोकळा. ओहोटीला चिखलात शिंपल्या-खेकडे वेचणाऱ्या बायका आणि पोरं तर बहुतेक वेळा कुठल्याच वहीत नसतात. शिवाय घरी खायला ठेवलेली, खलाशांना वाटून दिलेली, आमिषाला वापरलेली मासळीसुद्धा पकडलेलीच असते ना?

आणि हे किरकोळ नाहीये. डॅनियल पॉली आणि डर्क झेलर या मत्स्यशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये नोंदीतून सुटलेली मासळी (छोट्या मासेमारांची, घरी खाल्लेली, समुद्रात फेकून दिलेली वगैरे) धरून जगाचा हिशेब नव्याने मांडला, तर १९९६ सालची पकड निघाली सुमारे १३ कोटी टन आणि देशांनी कळवलेली होती ८.६ कोटी टन!

म्हणून सुरुवातीला वजनकाटा घरीच ठेवा. आधी अख्ख्या किनाऱ्यावर फिरून होड्या कुठे कुठे लागतात, कोणत्या जाळ्याच्या किती आहेत, याची यादी करा. मग दिवस निवडताना अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती आणि अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती, दोन्ही येऊ द्या कारण कित्येक जाळी भरतीच्या जोरावरच चालतात. होडी चिठ्ठी काढून ठरवायची, नाहीतर पाय आपोआप सगळ्यात भरलेल्या होडीकडे वळतात.

आता हिशेब बघा. समजा यादीत एकाच प्रकारच्या जाळ्याच्या ४० होड्या आहेत, त्या दिवशी समुद्रात गेल्या २५, तुम्ही त्यातल्या ५ बघितल्या आणि त्यांचा माल भरला ६० किलो. म्हणजे होडीमागे १२ किलो, गुणिले २५, झाले ३०० किलो. हेच घाईत ४० ने गुणलंत की ४८०, म्हणजे जागेवरच उभ्या असलेल्या १५ होड्यांनी तुमच्या वहीत १८० किलो मासे पकडले. आणि त्या ५ मधली एक रिकामी परतली असेल तर तिचं शून्य लिहायचंच, "माल नव्हता म्हणून सोडली" हे सगळ्यात जास्त होतं आणि सरासरी फुगते ती तिथेच.

वजन करताना आधी रिकामी टोपली तोला, पाणी निथळू द्या. माल जास्त असेल तर थोडाच मोजा पण वरवरचा उचलू नका, मोठे मासे बहुतेक वेळा वरच मांडलेले असतात. खालपर्यंत हात घाला.

प्रश्न: मासेमार म्हणतात मासळी कमी झाली, पण आमच्या वहीत होडीमागची पकड तेवढीच दिसते. खरं कोण?

उत्तर: दोघंही! तुम्ही किलो लिहिलेत, तास लिहिले नाहीत. आधी ५ तासांत २० किलो मिळायचे आणि आता त्याच २० किलोला ९ तास लागत असतील तर तासाला ४ किलोवरून साधारण २.२ वर आलात, आणि मधल्या काळात जाळ्याची लांबी वाढली किंवा वल्ह्याच्या जागी इंजिन आलं असेल तर घसरण याहून मोठी आहे. किती तास, किती लांब जाळं, किती माणसं, हे न लिहिता नुसत्या वजनाची तुलना करणं मला तरी फुकटची मेहनत वाटते.

अजून एक गोची आहे. तारली, बांगडा यांच्यासारखे थव्याने फिरणारे मासे कमी झाले तरी उरलेले एकत्रच राहतात, थवा सापडला की जाळं भरतं, म्हणून तासाचा हिशेबसुद्धा बराच काळ छान दिसत राहतो. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचं असंच झालं, ट्रॉलरची पकड चांगली दिसत होती आणि १९९२ मध्ये मासेमारीच बंद करावी लागली. म्हणून थवा शोधायला किती वेळ गेला तेही विचारा.

प्रश्न: माशांची नुसती लांबी मोजून काय कळणार? वय नको का?

उत्तर: वय मिळालं तर उत्तमच, पण थंड प्रदेशात हिवाळ्यात वाढ मंदावते आणि माशाच्या कानातल्या खड्यावर वर्षाची रेघ उमटते, तशी रेघ उष्ण पाण्यात बऱ्याचदा नीट दिसत नाही. म्हणूनच पॉली आणि डेव्हिड यांनी १९८१ मध्ये लांबीच्या आकड्यांवरून वाढ काढणारी एलिफॅन ही पद्धत आणली. तुमच्या प्रोजेक्टला एवढं खोल जायची गरज नाही. रेनर फ्रोझे यांनी २००४ मध्ये तीनच गोष्टी बघायला सांगितल्या: पकडलेल्यांत किती मासे एकदा तरी अंडी घालण्याएवढे मोठे होते, किती योग्य लांबीचे (म्हणजे पकडायला सगळ्यात फायद्याच्या मापाचे) होते आणि खूप मोठ्या जुन्या माद्या किती उचलल्या गेल्या. फक्त लांबी एकाच पद्धतीने घ्या, शेपटीच्या खाचेपर्यंत की टोकापर्यंत ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि जाळ्याची नोंद हवीच, कारण ठरावीक आसाच्या (म्हणजे भोकाच्या मापाच्या) जाळ्यात ठरावीक आकाराचेच मासे अडकतात, बारके आरपार जातात, म्हणजे तुमचा आलेख पाण्यात काय आहे हे न सांगता जाळ्याचा आस किती ते सांगत बसेल.

प्रश्न: मासेमार खरी माहिती देतात का?

उत्तर: तास आणि जाळं विचारलंत तर बहुतेक देतात, जागा विचारलीत की गप्प होतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. वहीत नाव लिहू नका, होडीला नंबर द्या, महिन्याचा हिशेब त्यांनाही दाखवा. नेमकी जागा मागूच नका, उपसागराचे चार-पाच भाग पाडून "आतल्या अंगाला की मुखाकडे?" एवढं विचारलंत तरी कामाला पुरतं.