मार्गिटपाशी अडकलात? आधी वाड्याकडे पाठ फिरवा

प्रश्न थोडक्यात असा: 'एल्डन रिंग' सुरू करून बारा तास झाले. व्हॅगाबाँड (तलवार-ढाल घेऊन सुरुवात करणारं पात्र) घेतलाय, लेव्हल १४, वाढवलेले पाचही पॉइंट स्ट्रेंग्थमध्ये टाकलेत. हातात सुरुवातीचीच लाँगसोर्ड, तीही एकदाही सुधारलेली नाही. स्टॉर्मव्हेल वाड्याच्या दाराशी मार्गिट हा बॉस तीसेक वेळा मारून गेला. आपले हात हळू चालतात, तेव्हा हा गेम आपल्यासाठी नाही का?

हात हळू असण्याचा इथे फारच थोडा संबंध आहे. तुम्ही त्याच्यापुढे वेळेआधी जाऊन उभे राहिलात आणि रोल, म्हणजे वार चुकवायची कोलांटी, तीही वेळेआधी मारताय. पहिली गोष्ट चार-पाच तासांत सुटते. दुसरीला थोडा सराव लागतो, पण तोही चपळाईचा नाही, थांबायचा.

वाड्याकडे तुम्ही का गेलात ते कळतं. बऱ्याच ग्रेसमधून, म्हणजे विश्रांतीच्या जागांमधून, सोन्याच्या धाग्यासारखा उजेड निघतो आणि तो वाड्याकडे बोट दाखवतो. पण तो फक्त कथा कुठल्या दिशेला आहे ते सांगतो. आत्ता जा असं सांगत नाही. लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशाच्या पूर्वेचा आणि दक्षिणेचा मोठा मुलूख सुरुवातीच्या लेव्हलसाठीच मांडून ठेवलाय आणि तुम्ही तो जवळजवळ न बघता ओलांडलात.

आता आकडे बघू. व्हॅगाबाँडचा व्हिगर (जीव वाढवणारा गुण) १५ असतो, म्हणजे ५२२ एचपी, तुमचा जीव. तेवढ्यावर मार्गिटचे दोन-तीन फटके बसले की खेळ आटोपला. चूक झाली की जीव भरून देणारा फ्लास्क प्यायलाही सवड मिळत नाही, त्यामुळे त्या लढतीतून शिकायलाही काही मिळत नाही. व्हिगर २० केला की ६५२ होतात, २५ ला ८००, ४० ला १४५०. पंचवीसपासून चाळीसपर्यंत एकेका पॉइंटमागे सरासरी चाळीसच्या वर एचपी पडतात. साठच्या पुढे मात्र हाताला काही लागत नाही (६० ला १९००, ९९ ला २१००). म्हणून पुढचे दहा पॉइंट डोळे झाकून व्हिगरमध्ये टाका. स्ट्रेंग्थमध्ये गेलेल्या पाचांचं वाईट वाटून घेऊ नका. पुढे राया ल्युकेरियाच्या अकादमीत रेनाला नावाच्या बॉसला हरवलं की तिला लार्व्हल टिअर ही वस्तू देऊन सगळे पॉइंट नव्याने वाटता येतात. नवा खेळ सुरू करायची काहीच गरज नाही.

लाँगसोर्डला लागतात फक्त १० स्ट्रेंग्थ आणि १० डेक्स्टरिटी, ते तुमच्याकडे पहिल्या मिनिटापासून होते. एवढ्या खालच्या पातळीवर जास्तीच्या पॉइंटमुळे तलवारीवरचा आकडा जेमतेम हलतो. सुधारणेने मात्र तो नक्की हलतो. चर्च ऑफ एलेहमध्ये काले नावाचा व्यापारी बसतो, त्याच्या शेजारीच ऐरणीचं टेबल आहे. तिथे तलवार +३ पर्यंत सुधारता येते. पहिल्या प्रतीचे स्मिदिंग स्टोन २, मग ४, मग ६ लागतात, एकूण १२. ते मिळतात अघील तळ्याच्या उत्तरेला असलेल्या लिमग्रेव्ह टनेल्समध्ये. तिथल्या खाणकामगारांचं अंग दगडासारखं आहे, तलवारीची धार त्यांच्यावर नीट लागत नाही, पण ते स्वतःहून क्वचितच अंगावर येतात. एकेक गाठा, भिंतीतले चमकणारे दगड वेचा. शेवटी स्टोनडिगर ट्रोल आहे. त्याच्या पायांशी राहा आणि लॉक-ऑन (शत्रूवर नजर खिळवणारी सोय) काढून ठेवा, नाहीतर कॅमेरा आभाळाकडे वळतो आणि त्याचा सोटा कधी खाली आला ते दिसतच नाही. दगड कमी पडले तर वीपिंग पेनिन्सुलातल्या मोर्न टनेलमध्येही आहेत.

गेटफ्रंटच्या पडक्या वस्तीत तळघर आहे, तिथली व्हेटस्टोन नाइफ घेतली नसेल तर घ्या. तिच्याशिवाय शस्त्राची अॅश ऑफ वॉर, म्हणजे त्याचं खास स्किल, बदलता येत नाही. त्या वस्तीत शिंग फुंकणारे सैनिक आहेत. एकाने फुंकलं की सगळे धावून येतात. म्हणून आधी वाकून चालत त्यांच्या पाठीमागे जा आणि बॅकस्टॅब करा, म्हणजे पाठीत वार. घोडा मिळाल्यावर चर्च ऑफ एलेहमध्ये एकदा परत गेलात का? तिथे रेना भेटते, स्पिरिट कॉलिंग बेल ही घंटा आणि लांडग्यांची अॅश देते, दोन्हींनी लढतीत मदतीला लांडग्यांचे आत्मे बोलावता येतात. ती निघून गेली असेल तर घंटा पुढे राउंडटेबल होल्डमध्ये विकत मिळते.

मग फ्लास्क. सुरुवातीला चार असतात, तीन लाल (एचपी भरणारे) आणि एक निळा (स्किल आणि अॅशला लागणारा एफपी भरणारा). वाटेच्या कडेला सोनेरी उजेडाचं लहानसं झाड दिसलं की फ्लास्कची संख्या वाढवणारं गोल्डन सीड मिळालंच समजा. पहिल्या दोन वाढींना प्रत्येकी एकच बी पुरतं, तिसरीपासून दोन लागतात. चर्चमधल्या सेक्रेड टिअरने संख्या वाढत नाही, एका घोटात भरणारं एचपी वाढतं. पूर्व लिमग्रेव्हमधल्या थर्ड चर्च ऑफ मारिकामध्ये एक टिअर आहे, तिथेच फ्लास्क ऑफ वंड्रस फिजिक ही वेगळी कुपी आणि तिच्यात घालायची क्रिमसन क्रिस्टल टिअरही. ही जोडी म्हणजे दर विश्रांतीमागे फुकट मिळणारा अर्धं एचपी भरून देणारा घोट. ती न घेता मार्गिटकडे जाणं म्हणजे स्वतःवरच अन्याय.

तिथून दक्षिणेला ब्रिज ऑफ सॅक्रिफाइस ओलांडा. पुलावर सैनिक आहेत, त्यांच्याशी भांडत बसू नका, घोडा दामटा. पलीकडे वीपिंग पेनिन्सुला. नकाशा अजून धूसर असतो, तरी रस्त्यावर लहान स्तंभाची खूण दिसते. नकाशाचा तुकडा तिथेच मिळतो. चर्च ऑफ पिल्ग्रिमेज, कॅलू बॅप्टिझमल चर्च आणि फोर्थ चर्च ऑफ मारिका, तिन्हीकडे एकेक सेक्रेड टिअर. म्हणजे फ्लास्क +४. हा मुलूख फिरून झाला की लेव्हल आपोआप २० ते २५ मध्ये येते, वेगळं रून्स (लेव्हल वाढवायला आणि खरेदीला लागणारं चलन) गोळा करत बसावं लागत नाही. एकाच जागी तेच दोन-चार शत्रू मारून लेव्हल वाढवायची युक्ती कोणी सुचवली तर या टप्प्यावर ऐकू नका. एचपी वाढतं, पण शत्रूच्या हालचाली वाचायची सवय लागत नाही, आणि वाड्यात ती लागतेच.

या फेरीत काही जागा टाळा. पहिल्याच वाटेवरचा ट्री सेंटिनेल हा घोडेस्वार बॉस आत्ता नको. अघील तळ्यातल्या ड्रॅगन-बर्न्ट रुइन्सच्या तळघरातली पेटी उघडली की धुरातून तुम्ही थेट केलिड या कितीतरी अवघड प्रदेशातल्या सेलिया क्रिस्टल टनेलमध्ये पडता. तिथून नकाशावरून उडी मारून परत येता येत नाही, आधी पायी बोगद्याबाहेर पडावं लागतं. अडकलात तर कुणाशी लढू नका, तोंड दिसेल तिकडे धावा. आणि स्टॉर्महिलच्या एव्हरगोलमधला (एकेका बॉसला कोंडून ठेवलेली जागा) क्रुसिबल नाइट मार्गिटपेक्षा सोपा असेल असं समजून आत शिरू नका.

आता रोल. इथे नीट लक्ष द्या, कारण तुमच्या तीस मरणांतली निम्मी तरी इथली असणार.

एल्डन रिंगमध्ये रोल बटण दाबल्यावर सुटत नाही, बटण सोडल्यावर सुटतो. तेच बटण धरून ठेवलं तर पळणं असतं, म्हणून तुम्ही धरताय की सोडताय याची गेम वाट बघतो. प्लेस्टेशनवर गोल, एक्सबॉक्सवर बी. घाबरलेला अंगठा बटणावर घट्ट बसतो, सुटतो उशिरा, आणि आपण वेळेवर दाबलं होतं असं वाटत राहतं. टिचकी मारल्यासारखं दाबा. चर्च ऑफ एलेहबाहेर उभं राहून पन्नास वेळा नुसती टिचकी मारा. बटण धरून सोडल्यावर होणारा उशीर डोळ्यांना दिसायला लागेल.

दुसरं, दाबलेलं बटण गेम लक्षात ठेवतो. फटका बसून तोल गेलेला असताना तुम्ही तीनदा दाबलं तर उठल्यावर एक रोल झाल्यावर लगेच दुसराही होतो, आणि त्या दुसऱ्याच्या शेवटी पुढचा फटका बरोबर सापडतो. एकदाच दाबा आणि थांबा. रोलमध्ये फटका लागत नाही तो काळ जेमतेम अर्धा सेकंद, तोही रोलच्या सुरुवातीला. म्हणून शस्त्र अंगाशी पोचतं तेव्हा रोल सुरू व्हायला हवा. शत्रूने हात वर उचलला ही रोलची वेळ नव्हेच.

वजनही बघा. स्टेटसच्या पडद्यावर इक्विप लोड मिडियमच हवा, म्हणजे ७० टक्क्यांच्या आत. त्यापुढे गेलं की रोल जड होतो. व्हॅगाबाँडसोबत हॅलबर्ड येतो. वापरत नसाल तर तो काढून ठेवा, नुसता अंगावर असला तरी वजन मोजलं जातं.

मार्गिटची सगळी रचना लवकर रोल मारणाऱ्यांना पकडण्यासाठीच केलेली आहे. तो काठी डोक्यावर नेतो आणि तिथेच धरून ठेवतो. तुमच्या मनातला अंदाज संपतो, तुम्ही रोल मारता, उठता आणि तेव्हा काठी खाली येते. त्याच्या हाताकडे बघू नका, काठीच्या टोकाकडे बघा. ते खाली यायला लागलं की टिचकी, आणि रोल मागे नको, त्याच्या अंगाकडे तिरका. मागे गेलात तर काठीची लांबी आणि नंतर फिरणारी शेपटी दोन्ही तुम्हाला गाठतात. आत गेलात तर तुम्ही त्याच्या बगलेत असता आणि एक-दोन फटके मिळतात. दोनच. तिसऱ्याला हात शिवशिवतो, आणि तो उजेडाचा सुरा नेमका तेव्हाच काढतो. त्या सुऱ्याचा वार झटकन येतो, काठीसारखा रेंगाळत नाही. हिरवी पट्टी निम्मी झाली की हात आखडा, रोलसाठी स्टॅमिना राहिलाच पाहिजे.

तुमच्या हीटर शील्डवर शारीरिक मार पूर्ण अडतो. काठीचा एखादा फटका ढालीवर घेऊन लगेच आर-२ (जोरदार वाराचं बटण) दाबलं की गार्ड काउंटर, म्हणजे ढालीनंतरचा उलटवार, बसतो आणि त्याचा तोल ढासळायला लागतो. मात्र सुरा आणि पुढे येणारा हातोडा उजेडाचे आहेत, त्यांचा मार ढालीतून झिरपतो. त्यामुळे ढाल काठीपुरतीच ठेवा. लाँगसोर्डवरचं स्क्वेअर ऑफ हे स्किल बऱ्याच जणांकडून दुर्लक्षित राहतं: एल-२ (स्किलचं बटण) धरून पवित्रा घ्या, मग आर-२, आणि पुढे घुसून भोसकणारा जोरदार वार होतो. उडी मारून आर-२ नेही तोल चांगला मोडतो. तोल मोडला की खोल आवाज येतो आणि तो खाली बसतो. तेव्हा समोर जाऊन आर-१, साध्या वाराचं बटण. ती संधी फ्लास्क पिण्यात घालवू नका.

लढत सुरू होताच लांडग्यांना बोलवा. माइंड १० वर तुमच्याकडे ७८ एफपी आहेत, लांडगे ५५ खातात, म्हणून स्क्वेअर ऑफसाठी एक निळा फ्लास्क राखून ठेवा. स्टॉर्महिल शॅकमधल्या रॉडेरिकाशी बोललात की जेलिफिशची अॅश मिळते. ती ३१ मध्ये येते, विष लावते आणि मार्गिटचं लक्ष थोडा वेळ धरून ठेवते. धुक्याच्या दाराबाहेर जादूगार रॉजियरची सोनेरी खूण आहे, त्यालाही बोलावता येतं. त्याने बॉसचं एचपी वाढतं, तरी या टप्प्यावर सौदा फायद्याचाच. यात कमीपणा काही नाही, ही सोय गेमनेच तुमच्यासाठी ठेवली आहे.

मर्कवॉटर केव्हमधला पॅचेस ५००० रून्सला मार्गिटची बेडी विकतो. ती पहिल्या टप्प्यात दोनदा त्याला जमिनीला जखडते. सध्या घेऊ नका. तेवढ्या रून्समध्ये व्हिगरचे दोन-तीन पॉइंट येतात आणि ते शेवटपर्यंत सोबत राहतात.

एचपी साठ टक्क्यांच्या आसपास आलं की तो हातोडा काढतो आणि उंच उडी घेऊन आदळतो. इथेही तेच, हवेत असताना हलू नका, खाली यायला लागला की रोल. दूर पळून फ्लास्क प्यायचा बेत करू नका, अंतर दिसलं की तो सुरे फेकतो. त्याचा मोठा वार चुकवला की लगेच प्या. पुलाच्या कडेचंही भान ठेवा, पाठ तिकडे नको.

सरावाची पद्धत अशी ठेवा. आधी हातातले सगळे रून्स खर्चून टाका, म्हणजे मरणाची भीती जाते. पिशवीतले गोल्डन रून वापरू नका, मेल्यावर ते पडत नाहीत, गरजेला फोडता येतात. मग पहिल्या पाच फेऱ्यांत तलवार उचलूच नका. नुसते वार चुकवा आणि कोणत्या वारानंतर तो किती वेळ मोकळा असतो ते बघा. सहाव्या फेरीपासून फक्त काठीच्या लांबलेल्या वारानंतर मारा, बाकी सगळं सोडून द्या. पट्टी हळू उतरेल, पण उतरेल.

तो पडला की टॅलिस्मन पाउच मिळतो, म्हणजे आणखी एक टॅलिस्मन (फायदा देणारा ताईत) घालता येतो. पुढे वाड्याच्या फाटकापाशी गोस्टॉक नावाचा दरवान भेटेल. मुख्य फाटकातून जाऊ नका असं तो सांगतो आणि ते खरं आहे, तिथे मोठे बाणफेके रोखलेले आहेत. त्याने दाखवलेल्या बाजूच्या भगदाडातून जा. मात्र वाड्यात मेलात की तुमच्या पडलेल्या रून्समधला काही हिस्सा तो उचलतो, तेव्हा आत शिरण्याआधी हातात मोठी रक्कम ठेवू नका.